शेवट जमलेले चित्रपट आणि शेवट न सापडलेल्या मालिका

शेवटची रांग (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या घरी अडीच वर्षे न चुकता पाहिली जाणारी एक दैनंदिन मालिका संपली. संपली म्हणण्यापेक्षा आवरली म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण पाहुणे दारात आल्यावर बाहेरच्या खोलीतला पसारा जसा पलंगाखाली ढकलतात, तशी तिची आवराआवर झाली. सातशे भाग विषप्रयोग, खोटी कागदपत्रे आणि पळवापळवी करण्यात घालवलेल्या खलनायिकेला गुरुवारी पश्चात्ताप झाला, शुक्रवारी तिने सर्वांचे पाय धरले आणि शनिवारी सत्यनारायणाच्या पूजेत सगळे कुटुंब कॅमेऱ्याकडे पाहून हसले. सोमवारी त्याच वेळेला दुसरी मालिका सुरू झाली. माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आईने सवयीने टीव्ही लावला आणि पाच मिनिटांनी विचारले, "ही कोण? आणि आपली ती कुठे गेली?"

त्याच आठवड्यात मी 'सिंहासन' (1979) बहुधा पाचव्यांदा पाहिला. मुख्यमंत्री, त्यांच्यावर उलटलेले अर्थमंत्री, कामगारनेता, तस्कर, या सर्वांची दोन तास चाललेली उलथापालथ शेवटी जिथल्या तिथे येऊन थांबते आणि हे सारे जवळून पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचे ते हसणे ऐकताना प्रत्येक वेळी मला असे वाटते, की जब्बार पटेलांनी आणि पटकथा लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी आधी हे हसणे ऐकले असावे आणि मग त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मागचा चित्रपट रचला असावा.

माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या कलाकृतीला आपला शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो, तिची मधली पावलेही नीट पडतात. दूरदर्शनच्या काळात प्रायोजित मालिका तेरा किंवा सव्वीस भागांच्या हिशेबाने मंजूर होत असत. आठवड्याला एक भाग, म्हणजे तेरा भागांत वर्षाचा एक चतुर्थांश पार पडे. लेखकाला पहिल्या भागातच माहीत असे, की आपल्याला कुठे उतरायचे आहे. आजच्या दैनंदिन मालिकेचा लेखक बसमध्ये चढतो तेव्हा त्या बसला शेवटचा थांबाच नसतो.

तुमच्या मनात राहिलेला एखादा शेवट, जमलेला किंवा फसलेला, जुना किंवा नवा, कृपया कारणांसह सांगावा. नुसती नावांची जंत्री नको. धाग्यात शेवट उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना ते कळू नयेत असे वाटते, त्यांनी इथूनच परतावे.


खारे दाणे

माझ्या मते मराठीतला सर्वांत निर्दय शेवट 'पिंजरा'चा (1972) आहे. लोकांना त्या चित्रपटातल्या लावण्या आठवतात, संध्याबाईंचा नाच आठवतो आणि शेवटाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

मास्तरांचा खून झाला असे गाव समजते. मास्तर जिवंत आहेत, तमाशाच्या फडात तुणतुणे धरून उभे आहेत आणि गावाच्या मनातले मास्तर मात्र मरून देवपदाला पोहोचले आहेत. पुढे ज्याला अटक होते, ज्याच्यावर खटला चालतो, तो मास्तरांचा खुनी म्हणजे प्रत्यक्ष मास्तरच. "मीच तो" एवढे दोन शब्द उच्चारले असते तर मान सुटली असती, पण मग गावाने उराशी धरलेला आदर्श मेला असता. तो माणूस स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो. यात नीतीचा विजय आहे की नीतीच्या नावाने घेतलेला बळी, हे व्ही. शांतारामांनी कदाचित पहिल्या अर्थाने योजले असेल, पण आज तो शेवट मला दुसऱ्या अर्थाने दिसतो. गावाने ज्याला आदर्श म्हटले, त्याला माणूस होण्याची मुभा गावाने कधी दिलीच नव्हती.

लहानपणी गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा लावून हा चित्रपट दाखवत असत. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेल्या आम्हा मुलांना सगळे उलटे दिसे. डॉक्टर लागू तुणतुणे डाव्या हातात धरतात की उजव्या, याचा माझ्या डोक्यातला घोळ आजतागायत सुटलेला नाही.


बाल्कनी तिकीट

'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. मी तो दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या गावी, एकपडदा चित्रपटगृहात पाहिला. तिथे वातानुकूलन नव्हते. भिंतीवरचे पंखे आणि वरच्या झडपा होत्या. मध्यंतरापूर्वी 'झिंगाट' सुरू झाल्यावर पुढच्या चार रांगा पडद्याखाली जाऊन नाचल्या, नाणी उधळली गेली आणि द्वारपाल स्वतःच दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आता शेवट पाहा. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन हैदराबादच्या त्या लहानशा घरी येतात. आर्ची पाणी देते, चहा करते. शेजारीण मुलाला बाहेर घेऊन गेलेली आहे. प्रत्यक्ष खून आपल्याला दिसत नाही. मूल परत येते, दारातून आत जाते आणि तिथून पुढे ध्वनी नाही. मूल रडते आहे हे दिसते, पण ऐकू येत नाही. ते वळून बाहेर चालू लागते आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे मागे उमटत जातात.

त्या शांततेत मला त्या चित्रपटगृहातले पंखे ऐकू आले. दोन तास ज्यांचा आवाज गाण्यांखाली आणि शिट्ट्यांखाली दबून गेला होता, ते पंखे. नाचलेली मुले खुर्च्यांत पाय वर घेऊन बसली होती. दिवे लागल्यावरही कोणी पटकन उठले नाही. अजय-अतुल यांचे एवढे भरभरून संगीत असलेल्या चित्रपटातला सगळा आवाज शेवटी काढून घ्यावा, हे धाडस नागराज मंजुळे यांनी केले आणि तोच तो चित्रपट आहे असे मी मानतो. गाणी ही त्या शांततेची पूर्वतयारी होती.

हिंदीत 'धडक' (2018) काढताना हा शेवट बदलला. तिथे मुलगी वाचते आणि नवरा व मूल जातात. दुःख तेवढेच आहे, कदाचित जास्तच, पण पाहणारी एक मोठी व्यक्ती शिल्लक राहिली की प्रेक्षक तिच्या गळ्यात पडून रडून मोकळा होतो. मराठीत रडायला कोणी ठेवलेले नाही. चालायला नुकतेच शिकलेले मूल आहे आणि ते प्रेक्षकांकडे पाठ करून निघून जाते.


ओसरी

'उंबरठा' (1982). नोकरीसाठी घर सोडून गेलेली सुलभा महाजन घरी परतते, घरात आपली जागा उरलेली नाही हे तिला कळते आणि ती पुन्हा निघते. शेवटी ती आगगाडीत आहे. ती कुठे जाते हे चित्रपट सांगत नाही. आमच्या घरी त्या वेळी झालेल्या वादात आजीचे म्हणणे होते, की हा शेवटच नव्हे, आणि आईचे म्हणणे होते, की एवढाच शेवट शक्य होता. दोघींचे त्यानंतर आठवडाभर बोलणे बंद होते.


पडद्यामागचा

मी काही वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले आहेत. वाहिनीचे आणि मालिकांचे नाव सांगणार नाही. धागाकर्त्यांची बसची उपमा मला आवडली, परंतु तिच्यात एक चूक आहे. लेखक बस चालवत नाही. तो दांड्याला लोंबकळत असतो.

आपण श्रेयनामावली लक्षपूर्वक पाहिली असेल, तर तिथे कथा, कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी चार वेगवेगळी कामे चार वेगवेगळ्या माणसांच्या नावावर दिसतात. यांतला 'कथाविस्तार' हा शब्द मला नेहमी फार प्रामाणिक वाटत आला आहे. कथा आहे तेवढीच आहे, आता तिचा विस्तार करायचा आहे, अशी ती सरळ कबुलीच असते. मूळ कथा बहुतेक वेळा दीड पानाची असते आणि तिला शेवटही असतो. वाहिनीसमोर सादरीकरण करताना तो शेवट सांगावाही लागतो. नंतर त्याची आठवण कोणी काढत नाही.

बार्कचे (मालिका किती लोक पाहतात हे मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे दर गुरुवारी येतात. गुरुवारी दुपारी कोणत्या पात्राने अधिक रडायचे, कोणता ट्रॅक (म्हणजे उपकथानक) गुंडाळायचा आणि कोणाला अपघात घडवायचा, हे ठरते. बँकेत (म्हणजे चित्रीकरण होऊन तयार असलेल्या भागांत) चार-पाच भाग असले की आम्ही श्रीमंत. पुष्कळदा बँक रिकामी असे आणि सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होऊन दुसऱ्या रात्री घरोघरी पोहोचे. अशा वेळी मी एका पात्राला जिना चढायला साडेतीन मिनिटे लावलेली आहेत. आधी पाऊल, मग कठड्यावरचा हात, मग खाली उभ्या असलेल्या सासूचा चेहरा तीनदा, मग पुन्हा पाऊल. त्या जिन्याला एकूण नऊ पायऱ्या होत्या.

मालिका बंद होत असल्याचे आम्हाला कळते ते साधारण तीन आठवडे आधी, कधी त्याहूनही कमी. तोवर सात ट्रॅक उघडे पडलेले असतात. कलाकारांनी पुढच्या तारखा दुसरीकडे दिलेल्या असतात, त्यामुळे सर्वांना एकत्र आणता येईल असा एकच दिवस मिळतो आणि त्या दिवशी काय करायचे, तर पूजा. सत्यनारायणाला आपण हसलात, पण सर्व कलाकार एकाच चौकटीत, एकाच पोशाखात, एकाच दिवसात बसवणारा दुसरा प्रसंग मला तरी सुचलेला नाही.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी असहमत आहे. तेरा भागांची मर्यादा ही कलेची निवड नव्हती, सरकारी मंजुरीची पद्धत होती. त्या पद्धतीत चांगल्या मालिका झाल्या, तशाच तेराव्या भागापर्यंत कोणीही टिकू नये अशाही झाल्या. त्या आपण विसरलो आहोत, एवढेच.


शेवटची रांग

पडद्यामागचा, आपला प्रतिसाद वाचून माझ्या सत्यनारायणाच्या टोमण्याची थोडी लाज वाटली. नऊ पायऱ्यांचा हिशेब आईला सांगितला. तिला तो जिना आठवत होता. "ती पडणार वाटलं होतं मला," असे ती म्हणाली. म्हणजे आपली साडेतीन मिनिटे वाया गेलेली नाहीत.

तेरा भागांबाबत आपले म्हणणे अर्धे मान्य आहे. मर्यादा सरकारी होती, पण लग्नाच्या पत्रिकेतला मुहूर्तही भटजीच ठरवतात, तरी तो ठरला म्हणून सगळे घर कामाला लागते.


मधली सुट्टी

मी सावंतवाडी परिसरातली आहे आणि दैनंदिन मालिकांच्या बाजूने बोलणार आहे.

'रात्रीस खेळ चाले' 2016 साली सुरू झाली, तेव्हा तिचे चित्रीकरण आमच्याकडे आकेरीला होत असे. ते घर पाहायला आजही लोक गाड्या थांबवतात. पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. घरचा कर्ता गेला, विखुरलेले कुटुंब गोळा झाले आणि मग एकेक गोष्टी बाहेर येऊ लागल्या. पहिल्या पर्वाच्या शेवटाविषयी आमच्याकडे मतभेद आहेत आणि त्यांत मी पडत नाही. दुसरे पर्व 2019 साली आले आणि ते आधीच्या काळात घडते. त्यात अण्णा जिवंत आहेत, माधव अभ्यंकरांनी त्यांना जिवंत केले आहे आणि शेवंता नव्याने येते. आता विचार करा. प्रत्येक प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, की हा माणूस मरणार आहे आणि त्याच्या मागे त्या घराचे काय होणार आहे. शेवट आधीच दाखवून झालेला होता. तरीही माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत पहिल्यापेक्षा दुसरेच पर्व अधिक आवडीने पाहिले गेले.

आमच्याकडे दशावताराला बसलेल्या माणसाला रावण मरणार आहे हे ठाऊक नसते काय? पहाटेपर्यंत तो बसतो, कारण त्याला आज रावण कोण झाला आहे आणि तो कसा बोलतो, हे पाहायचे असते. दैनंदिन मालिकेचा प्रेक्षक कथेच्या शेवटासाठी बसत नाही. तो शेजार पाहायला बसतो. शेजारच्या घराचा शेवट काय, असे आपण कधी विचारतो का? शेजारी एक दिवस घर बदलतात, मग दुसरे येतात आणि पहिले काही आठवडे आपल्याला नव्या माणसांचा राग येतो. धागाकर्त्यांच्या मातोश्रींनी जे विचारले, ते नेमके हेच आहे.

'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. माझ्या सासूबाईंनी ती मालिका सुरू झाली तेव्हा नुकतीच नातवंडे पाहिली होती आणि संपली तेव्हा थोरली नात सहावीला होती. शेवटच्या भागात काय झाले, हे घरात कोणालाही आठवत नाही. रोहिणी हट्टंगडी मात्र सर्वांना आठवतात, एखादी करारी आत्या आठवावी तशा.


आगबोट

मी डब्लिनला असतो. आमच्याकडे मालिका ॲपवर पाहिल्या जातात. माझी बायको आधी शेवटचा भाग पाहते आणि तो पटला तरच पहिल्या भागापासून सुरुवात करते. मधले भाग दीडपट वेगाने. या पद्धतीने पाहिल्यावर सगळे कुटुंब सतत घाईत असल्यासारखे वाटते आणि रडणेही जरा उरकल्यासारखे होते.

तिच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली मालिका म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. 2001 ते 2004, आठवड्यातून एकदा, केदार शिंदे यांचे दिग्दर्शन आणि दिलीप प्रभावळकरांचे आबा. ती दीडपट वेगाने पाहण्याचा प्रयत्न आम्ही एकदा केला आणि पाच मिनिटांत सोडून दिला, कारण आबा बोलण्याआधी जे क्षणभर थांबतात, त्यातच निम्मा विनोद आहे आणि वेग वाढवला की नेमका तोच नाहीसा होतो. त्या मालिकेतला प्रत्येक भाग स्वतःपुरता संपतो. घरात काहीतरी घडते, आबा आपल्या रोजनिशीत त्याची नोंद करतात आणि विषय मिटतो. ज्या मालिकेला दर आठवड्याला संपण्याची सवय आहे, तिला कायमचे संपताना फार धडपड करावी लागत नाही.


खारे दाणे

'मधली सुट्टी' यांचा दशावताराचा मुद्दा मला पटला, पण त्यात एक गोम आहे. दशावतारात रावण त्याच रात्री मरतो. त्याला सातशे रात्री जिवंत ठेवत नाहीत.


मधली सुट्टी

मान्य. पण त्याला मारण्याआधी तास-दोन तास बोलू देतात, हेही आपण मान्य करावे.


गार चहा

येथे 'कोर्ट'चा उल्लेख अद्याप कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले आहे. मला तो चित्रपट आवडला, शेवट मुळीच आवडला नाही. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसे निघून जातात, शिपाई दिवे मालवतो आणि पडदा काळा होतो. इथे चित्रपट संपायला हवा होता. आमच्या शेजारच्या रांगेतले दोघे तर उठून निघालेही होते. त्यानंतर न्यायाधीश महाराज सहकुटुंब सहलीला जातात, ते आपल्याला दहा-बारा मिनिटे का दाखवले?


बाल्कनी तिकीट

गार चहा, आपण ज्याला लांबलेली शेपूट म्हणता, त्यासाठीच मी तो चित्रपट पुन्हा पाहिला.

दिवे मालवल्यावर चित्रपट संपला असता, तर तो व्यवस्थेवरचा चित्रपट झाला असता. अंधार, अन्याय, समाप्त. प्रेक्षक व्यवस्थेला दोन शिव्या घालून घरी गेला असता. ताम्हाणे प्रेक्षकाला एवढ्या स्वस्तात सोडत नाहीत. ते न्यायाधीशाला कोट उतरवून आपल्यासमोर बसवतात. सहलीची बस, भेंड्या, आप्तेष्ट. कोणाच्या तरी मुलाला नीट बोलता येत नाही, तर हे गृहस्थ त्याला अंगठी घालण्याचा सल्ला देतात. कायद्याच्या पुस्तकातले जुने कलम तोंडपाठ असलेला हा माणूस मनाने कुठे राहतो, हे त्या गप्पांतून कळते. मग दुपारी तो बाकावर डुलकी घेत असताना मुले गुपचूप येऊन जोराने ओरडतात, तो दचकून जागा होतो आणि हाताला लागलेल्या एका मुलाच्या थोबाडीत मारतो. मुले पळतात. तो पुन्हा डोळे मिटतो.

ज्या माणसाच्या हाती खटल्यातले आरोपी शाहीर नारायण कांबळे यांचा जामीन आहे, तो झोपमोड झाल्यावर जो पहिला हाताशी येईल त्याला मारतो आणि पुन्हा झोपतो. दोन तासांच्या खटल्यात जे सांगता आले नाही, ते त्या एका थपडेत आले. शिवाय ती थप्पड मारणारा माणूस दुष्ट नाही. तो आपल्या काकासारखा दिसतो. आपण ज्यांच्याबरोबर माथेरानला जातो आणि भेंड्या खेळतो, त्यांच्यापैकी एक. मला वाटते, आपल्याला तो भाग आवडला नाही याचे कारण त्याची लांबी नसावी.


गार चहा

कारण लांबीच होते, तरी आपल्या सांगण्यावरून तो भाग पुन्हा पाहीन. माझ्या काकांचा मात्र यात काही संबंध नाही. ते भेंड्यांत नेहमी हरतात.


ओसरी

विनोदी चित्रपटांच्या शेवटाविषयी एक वाक्य लिहून जाते. 'अशी ही बनवाबनवी' (1988) मला तोंडपाठ आहे. कोणत्याही प्रसंगाचा पुढचा संवाद मी झोपेत सांगू शकते. परंतु तिचा शेवट कसा होतो, हे आठवण्यासाठी मला आता दोन मिनिटे विचार करावा लागला. विनोदी चित्रपटाला शेवट जमला नाही तरी कोणी विचारीत नाही, आणि जमला तरी कोणी लक्षात ठेवीत नाही, हा लेखकांवर अन्यायच म्हणावा लागेल.


मांडवी

गोव्यातून लिहितो आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात निर्बंध आले आणि अनेक मराठी मालिकांची चित्रीकरणे आमच्याकडे आली. मालिकांतली कुटुंबे आपले नेहमीचे दिवाणखाने मुंबईत सोडून एकाएकी आमच्या बंगल्यांत आणि विश्रामगृहांत राहू लागली. कथेत त्याची कारणे काय दिली गेली, हे पडद्यामागचा यांनी सांगावे. मे महिन्याच्या आरंभी गोवा सरकारनेही परवानगी काढून घेतली. माझ्या आईने पाहिलेल्या एका मालिकेत नायिका आमच्या ओळखीच्या व्हरांड्यात उभी राहून "आता मी इथून कुठेही जाणार नाही" असे ठामपणे म्हणाली होती. आठवडाभरात ती गेली.

अवांतर, पण शेवटाचाच विषय आहे म्हणून लिहितो. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग असत आणि एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा मुद्रित केला जाई. 'चिमणराव गुंड्याभाऊ'विषयी माझे वडील भरभरून बोलतात. प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ त्यांनी मुंबईत काकांकडे, जमिनीवर बसून पाहिलेले आहेत. ती सगळी मालिका पुन्हा पाहावी म्हटले, तर पाहायची कुठे? 'राजा हरिश्चंद्र'चेही (1913) आज काही भागच शिल्लक आहेत. शेवट जमला की फसला, हा वाद घालण्यासाठी शेवटापर्यंतची टेप हाती असावी लागते.


पडद्यामागचा

मांडवी, आपल्या प्रश्नाचे उत्तर: कारण दिलेच पाहिजे असे काही नसते. "चार दिवस हवापालट" हे एका वाक्याचे कारण पुरते. आम्ही ते नोकरांसह सर्वांना लागू केले होते.

जाता जाता, शेवट असलेल्या दैनंदिन मालिकाही झाल्या आहेत, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. सतीश राजवाडे दिग्दर्शित 'अग्निहोत्र' 2008 साली सुरू झाली. नाशिकचा वाडा, अग्निहोत्रींचे विखुरलेले कुटुंब आणि गणपतींच्या मूर्तींचा माग, हे सगळे कुठेतरी पोहोचणार आहे असा विश्वास ती सुरुवातीपासून देत असे. त्यांचीच 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 साली आली आणि वर्षभराच्या आतच संपली. घना आणि राधा लोकांच्या घरात मावत नव्हते, तेव्हा ती संपली. आमच्या धंद्यात चालत्या मालिकेला कुलूप लावणे म्हणजे दुभती म्हैस सोडून देण्यासारखे आहे. ते कोणीतरी केले होते, हे मी नवोदित लेखकांना अजूनही सांगतो. 'अग्निहोत्र'चे दुसरे पर्व 2019 साली आले. मी ते मुद्दाम पाहिले नाही. पहिल्याने वाड्याचे दार नीट लोटून घेतले होते. ते पुन्हा उघडून आत डोकावण्याची माझी इच्छा नव्हती.


खारे दाणे

यावर वेगळा धागा काढावा, इतके मतभेद होतील. मी दुसरे पर्व पाहिले आहे आणि मला ते आवडले होते. दार उघडले म्हणून वाडा पडत नाही.


शेवटची रांग

सर्वांचे आभार मानण्यापूर्वी एक घडलेली गोष्ट सांगतो. आगबोट यांच्या प्रतिसादावरून मी आईला 'टिपरे' लावून दिली. तिने ती मालिका त्या काळी पाहिली होती, पण बरेचसे विसरली होती. पहिले दोन भाग तिने सलग पाहिले. मी तिसरा लावू लागलो, तेव्हा तिने हात वर केला.

"ही संपलेली आहे ना?"

"हो, कधीच."

"मग रोज एकच लाव."

त्यामुळे सध्या आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर एक भाग, असा शिरस्ता आहे. लोणच्याची बरणी तळाला लागू नये म्हणून फोडी मोजून वाढाव्यात, तसा. आज नववा झाला. साडेसात वाजता मात्र ती नवी मालिका लावतेच आणि तिला अजूनही जुन्या मालिकेच्याच नावाने हाक मारते. परवा त्या नव्या घरातही एका सुनेने दुसरीच्या दुधात काहीतरी कालवले, तेव्हा आईने खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.